मोतीबिंदूनंतरचा ‘मायनस दोन’: ६४ वर्षांच्या रुग्णातील मायोपिक सीएनव्हीचं प्रकरण

मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, हा शाळकरी वयाचा प्रश्न समजला जातो. नंबर वाढतो त्याच वयात, पण डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) त्याचा खरा फटका बसतो पन्नाशी-साठीत. तोपर्यंत अनेकांच्या नाकावर जाड चष्मा उरलेलाही नसतो, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनने तो घालवलेला असतो. चष्मा गेला की कागदावरचा मोठा नंबर जातो, आणि डोळ्याचा धोका कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढचं प्रकरण मायोपिक सीएनव्हीचं, म्हणजे मायनस नंबरच्या लांब डोळ्यात पडद्याखाली शिरणाऱ्या गळक्या रक्तवाहिन्यांचं आहे. त्यात रुग्णाचे जे आठवडे वाया गेले ते एवढ्यामुळेच.

ओळख राखण्यासाठी आणि शिकवण्याच्या सोयीसाठी या प्रकरणातले तपशील एकाहून अधिक रुग्णांमधून जुळवले आहेत. आजाराचा क्रम, मापं आणि उपचार मात्र अशा डोळ्यांत नेहमी आढळतात तसेच आहेत.

तक्रार आणि वाया गेलेले सात आठवडे

रुग्ण ६४ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, मधुमेह नाही. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालेलं. त्यानंतर लांबचा नंबर दोन्हीकडे मायनस दोनच्या आसपास आणि वाचायला चष्मा लागत नाही, म्हणून बाई खूश होत्या.

एका सकाळी तोंड पुसताना उजवा डोळा टॉवेलखाली झाकला गेला, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी मधोमध आत ओढल्यासारख्या दिसल्या. दोन्ही डोळे उघडले की रेघा पुन्हा सरळ. डाव्या डोळ्यातला बिघाड त्याआधी किती दिवस होता ते सांगता येत नाही. चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकून टाकतो, म्हणून हे दुखणं अनेकदा असं योगायोगानेच सापडतं.

पहिले तीन आठवडे बाईंनी वाट पाहिली. मग चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला. नंबर तोच, पण अक्षरं पूर्वीइतकी खालपर्यंत वाचता आली नाहीत. तिथून जवळच्या एका दवाखान्यात गेल्यावर डाव्या डोळ्याची नजर ६/२४ भरली, म्हणजे निरोगी डोळा २४ मीटरवरून वाचतो ते ६ मीटरवरून. पडद्याच्या मधोमध थोडा बिघाड दिसला आणि निदान लिहिलं गेलं ‘वयोमानाने मॅक्युलाची झीज, कोरडा प्रकार’ (मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग). तीन महिन्यांसाठी जीवनसत्त्वं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांचा उपयोग वयोमानाच्या झिजेच्या ठरावीक टप्प्यावर होतो. मायोपियाच्या पडद्यावर त्यांचा काही परिणाम नाही. सातव्या आठवड्यात मधोमध करडा डाग दिसू लागला आणि समोरच्या माणसाचं नाक-तोंडच हरवायला लागलं, तेव्हा रुग्ण पडद्याच्या तज्ज्ञांकडे आल्या.

आधीच्या डॉक्टरांच्या हाती होता एक कागद, त्यावर वय ६४ आणि नंबर मायनस दोन. या दोन आकड्यांवरून वयोमानाची झीज हाच पहिला विचार मनात येतो. ऑपरेशनच्या आधी नंबर किती होता हे विचारलं गेलं असतं, तर निदान तिथेच बदललं असतं.

जुना चष्मा लेन्सोमीटरवर

पडद्याच्या दवाखान्यात पहिली विचारणा झाली ती याचीच. बाई म्हणाल्या, ‘नववीपासून जाड चष्मा. शेवटी पंधरापर्यंत गेला होता.’ मुलीने पर्समधून जुना चष्मा काढला, तो लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला. उजवी काच मायनस १३.५०, डावी मायनस १५.००. डिस्चार्ज कार्डाच्या मागे स्टेपल केलेली बायोमेट्रीची (ऑपरेशनआधी घेतलेल्या डोळ्याच्या मापांची) चिठ्ठी अजून शाबूत होती: अक्षीय लांबी उजवीकडे २८.७ मिमी, डावीकडे २९.४ मिमी, आणि बसवलेली भिंगं अनुक्रमे +७.५ व +६.

ही चिठ्ठी वाचता यायला हवी. बुबुळाच्या पुढच्या टोकापासून पडद्यापर्यंतची डोळ्याची लांबी मोठ्या माणसात साधारण साडेतेवीस मिमी असते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत तीस वर्षांवरच्या लोकांची सरासरी २२.६ मिमी भरली होती. म्हणजे या बाईंचा डावा डोळा त्या सरासरीपेक्षा जवळपास सात मिमी लांब. एक मिमी लांबी वाढली की नंबर ढोबळमानाने अडीच ते तीन डायॉप्टरने (हे नंबराचं एकक) वाढतो. भिंगाचा आकडाही तेच सांगतो. नेहमीच्या डोळ्यात वीस-बावीसचं भिंग बसतं, इथे +६ पुरलं, आणि तेही मुद्दाम मायनस दोन शिल्लक ठेवून. आयुष्यभर चष्मा काढून वाचणाऱ्या माणसाला तशी सवय ठेवली की सोयीचं जातं, त्यामुळे सर्जनचा हा निर्णय अगदी योग्य होता.

ऑपरेशनने बदलतं ते भिंग. डोळा तेवढाच लांब राहतो. नंबर मोजणाऱ्या यंत्राला भिंग आणि लांबी यांची बेरीज कळते, एकेकट्या गोष्टी कळत नाहीत, म्हणून २९ मिमीचा डोळाही कागदावर मायनस दोनचा दिसतो.

पडद्याला काय होतं

डोळा मागच्या बाजूला ताणला गेला की पडद्याला रक्त पुरवणारा थर, कोरॉइड, पातळ होत जातो. निरोगी माणसात मॅक्युलाखाली तो साधारण २५० ते ३०० मायक्रॉन असतो. लांब डोळ्यात तो शंभरच्या खाली उतरतो, कधी पन्नासच्याही. पोळी जास्त लाटली की जिथे पातळ झाली तिथेच विरते, तसं इथे होतं. कोरॉइड आणि पडदा यांच्यामधल्या ब्रुक्स मेम्ब्रेनला बारीक भेगा पडतात, त्यांना लॅकर क्रॅक म्हणतात. डोळ्याची मागची भिंत एका जागी बाहेर फुगते, तो स्टॅफिलोमा. आणि भेगेतून कोरॉइडच्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या पडद्याखाली शिरल्या की ती मायोपिक कोरॉइडल निओव्हॅस्क्युलरायझेशन, म्हणजे सीएनव्ही. या वाहिन्या गळतात, फुटतात आणि शेवटी व्रण सोडून जातात.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. नंबर पंचविशीला स्थिर झाला तरी ताणलेली भिंत वयाबरोबर आणखी पातळ होत राहते. साठीत येणारी तक्रार म्हणूनच नवी नसते. चाळीस-पन्नास वर्षांचा ताण तेव्हा नजरेला जाणवू लागतो, इतकंच.

या बदलांची वर्गवारी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. शून्य म्हणजे काही नाही, १ म्हणजे पडदा जाळीदार दिसणं, २ पसरट झीज, ३ तुकड्यातुकड्याची झीज आणि ४ मॅक्युलाचीच झीज. त्याबरोबर लॅकर क्रॅक, सीएनव्ही आणि जुना काळा डाग ही ‘अधिक’ चिन्हं. वर्ग २ किंवा त्यापुढे, अथवा अधिक चिन्ह, अथवा स्टॅफिलोमा, यांपैकी काहीही असलं तर त्याला पॅथॉलॉजिक मायोपिया म्हणतात. नंबर कितीही असो, निदान पडदा पाहून होतं.

तपासणी

उजवा डोळा चष्म्यासह ६/९, जवळचं N6 (N म्हणजे छापील अक्षराचा आकार, आकडा लहान तितकं अक्षर बारीक). डावा ६/३६, N18, पिनहोलने (बारीक भोकातून पाहून) सुधारणा नाही. पिनहोलने सुधारणा न होणं म्हणजे दोष नंबराचा नाही, आत कुठेतरी आहे. डोळ्याचा दाब १५ आणि १६. भिंगं जागेवर. उजवीकडे कृत्रिम भिंगामागची पिशवी लेझरने उघडलेली.

अ‍ॅम्सलरच्या चौकटीवर (मध्ये ठिपका असलेली उभ्या-आडव्या रेघांची जाळी) डाव्या डोळ्याला मधले पाच-सहा चौकोन वाकडे दिसले आणि ठिपक्याच्या जागी करडा धब्बा. ही चौकट दहा सेंटिमीटरची, तीस सेंटिमीटर अंतरावर धरायची, वाचायचा चष्मा असेल तर लावून, आणि एका वेळी एकच डोळा. दुसरा डोळा तळहाताने नीट झाकलेला हवा. बोटांच्या फटींतून रुग्ण बघतो आणि उत्तर चुकतं, हे फार वेळा घडतं.

बाहुली मोठी करून डाव्या डोळ्यात दिसलं ते असं: ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती चकती) तिरपी, तिच्याभोवती पांढऱ्या झिजेची रुंद कडा, संपूर्ण मागचा भाग जाळीदार, मॅक्युलाच्या खालच्या बाजूला झिजेचा एक पांढरा तुकडा, आणि फोव्हियाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या मध्यबिंदूच्या, अगदी कडेला अर्ध्या डिस्कएवढाही नसलेला करडा-हिरवट उंचवटा. त्याच्या काठावर रक्ताची बारीक चंद्रकोर. मायोपियातली सीएनव्ही अशीच लहान असते, रक्तही थोडंच असतं. वयोमानाच्या झिजेतला मोठा रक्तस्राव आणि ढीगभर सूज पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ती ‘किरकोळ बिघाड’ वाटू शकते. आधीच्या दवाखान्यात नेमकं हेच झालं असावं.

पडद्याचा परीघही दोन्हीकडे स्क्लेरा (डोळ्याची पांढरी भिंत) दाबून पाहिला. उजव्या डोळ्यात वर-बाहेरच्या बाजूला लॅटिसचा, म्हणजे पातळ झालेल्या पडद्याचा, पट्टा आणि त्यात दोन गोल, झिजून पडलेली भोकं. रुग्णाला चमक किंवा नवे काळे ठिपके नव्हते. अशा भोकांना लगेच लेझर करावा असा नियम नाही. ओढ असलेली, घोड्याच्या नालासारखी फाट आणि सोबत लक्षणं असती, तर त्याच दिवशी लेझर केला असता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या लांब डोळ्यात पडदा सुटण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतोच, म्हणून जागा नकाशावर काढून ठेवली आणि रुग्णाला लक्षणं लिहून दिली: अचानक विजेसारखी चमक, काजळीसारखे ठिपके, कडेने पडदा सरकल्यासारखी सावली. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं.

ओसीटी: यंत्रावर विसंबलं की फसायला होतं

ओसीटी म्हणजे पडद्याचे थर कापून पाहिल्यासारखे दाखवणारं स्कॅन. लांब डोळ्यात ते काढणं हे वेगळं काम आहे. स्टॅफिलोमामुळे पडदा खोल वाटीसारखा वाकलेला असतो, त्याच्या कडा चित्राच्या चौकटीबाहेर जातात आणि उलट्या होऊन वरून खाली दुमडलेल्या दिसतात. यंत्र पडद्याच्या रेषा स्वतः आखतं, त्या अशा चित्रात चुकतात, आणि मग जाडीचा रंगीत नकाशा खुशाल हिरवा किंवा निळा दाखवतो. इथेही तेच झालं. छापील अहवालात मध्यभागाची जाडी ‘सामान्य’ आली, कारण झिजलेला पडदा आणि त्याखालची गाठ मिळून आकडा बरोबर सामान्यावर आला. म्हणून नकाशा बाजूला ठेवून एकेक आडवी-उभी कापणी डोळ्यांनी पाहायची, आणि शक्य तर चित्र फोव्हियावर बसवून, दाटपणाने, म्हणजे जवळजवळच्या रेघांनी काढायचं.

अशा पाहणीत फोव्हियाच्या नाकाकडच्या बाजूला पडद्याखालच्या रंगद्रव्याच्या थराच्या वर चकचकीत उंचवटा दिसला. त्याची वरची कड धूसर, पिंजलेल्या कापसासारखी. बाजूला पाण्याची एकच छोटी पोकळी. खाली कोरॉइड अवघा ४५ मायक्रॉन. मायोपिक सीएनव्हीत पाणी थोडं असतं, त्यामुळे ‘पाणी नाही म्हणजे आजार शांत’ हा वयोमानाच्या झिजेतला हिशेब इथे लागू पडत नाही. कड धूसर असेल तर वाहिनी जिवंत आहे असं समजायचं. उपचारानंतर हीच कड घट्ट, गडद आणि स्पष्ट होते.

ओसीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) गाठीच्या आत वाहिन्यांची लहानशी गुंडाळी दिसली. तरीही फ्लुरोसीन अँजिओग्राफी (शिरेतून रंग देऊन काढलेली वाहिन्यांची चित्रं) केली, कारण गळती होते की नाही हे तीच सांगते. १० टक्के द्रावणाचे ५ मिली शिरेतून दिले. डाग सुरुवातीलाच उजळला आणि शेवटच्या चित्रांत कडेबाहेर पसरला. रंगाने काहींना मळमळ होते, कातडी आणि लघवी दिवसभर पिवळी राहते, हे आधी सांगितलं नाही तर घरी गेल्यावर घाबरगुंडी उडते. अ‍ॅलर्जीचा इतिहास विचारल्याशिवाय आणि तातडीची औषधं हाताशी ठेवल्याशिवाय ही तपासणी करायची नाही.

काय नाही, हे ठरवणं

वयोमानाची झीज वगळण्याचं कारण सरळ होतं: दोन्ही डोळ्यांत ड्रुसेन (वयाने पडद्याखाली साठणारे पिवळे ठिपके) नाहीत, रंगद्रव्याच्या थराखाली मोठा फुगवटा नाही, आणि डोळा २९ मिमीचा. वयाने दोन्ही आजार एकत्र असू शकतात, पण इथे पुरावा एकाचाच होता.

जास्त डोकं लावावं लागतं ते साध्या रक्तस्रावाबाबत. नवी लॅकर क्रॅक पडताना कोरॉइडची केशवाहिनी फुटते आणि फोव्हियाखाली रक्त साचतं. त्यात नव्या वाहिन्या नसतात. हे रक्त दोन-तीन महिन्यांत आपोआप शोषलं जातं आणि इंजेक्शनची गरज नसते. दोन्हींत नजर अचानक पडते, दोन्हींत रक्त दिसतं. फरक अँजिओग्राफीत कळतो: साध्या रक्तस्रावात गळती नाही, फक्त रक्ताची सावली. रक्त दाट असल्याने खात्री होत नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. आपल्या रुग्णात गळती स्पष्ट होती.

दोन गोष्टी आणखी तपासल्या. काही लांब डोळ्यांत मॅक्युला घुमटासारखा वर येतो आणि त्याखाली पाणी साठतं. त्याला इंजेक्शन दिलं तर पैसे जातात, पाणी तसंच राहतं. उभ्या आणि आडव्या दोन्ही कापण्यांत घुमट नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याचे थर ताणामुळे एकमेकांपासून सुटणं, फोव्हिओस्किसिस. तेही नव्हतं. ते असतं तर वाट शस्त्रक्रियेकडे गेली असती.

उपचार

उपचाराविना या आजाराचं काय होतं याची नोंद जपानमधल्या दीर्घ पाठपुराव्यातून झालेली आहे. पाच ते दहा वर्षांत बहुतेकांची नजर ६/६० किंवा त्याहून खाली गेली. बाईंना आणि मुलीला हे स्पष्ट सांगितलं, त्यासोबत हेही सांगितलं की आज या आजाराला औषध आहे.

औषध म्हणजे वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन, डोळ्याच्या आत. २०१३ च्या रेडियन्स चाचणीत मायोपिक सीएनव्हीच्या २७७ रुग्णांवर रॅनिबिझुमॅब हे असं इंजेक्शन आणि जुना फोटोडायनॅमिक उपचार (प्रकाशाने जागं होणारं औषध आणि लेझर) यांची तुलना झाली. तीन महिन्यांत इंजेक्शनवाल्यांना तक्त्यावर सरासरी दहाहून जास्त अक्षरं अधिक वाचता आली, दुसऱ्या गटाला दोनच. आणि आजार जागा असेल तेव्हाच इंजेक्शन द्यायचं असं धोरण ठेवलेल्या गटाला वर्षभरात मध्यक धरला तर दोनच इंजेक्शनं लागली. वयोमानाच्या झिजेत ठरलेली तीन महिन्यांची सुरुवातीची मात्रा इथे लागत नाही. ‘दर महिन्याला सुई’ या भीतीने उपचार नाकारणाऱ्या रुग्णाला हे आवर्जून सांगावं.

कोणतं औषध, हा प्रश्न पैशांचाही असतो. मूळ रॅनिबिझुमॅब महाग. भारतात २०१५ पासून त्याचं देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, मिळतं आणि खर्च बराच कमी होतो. बेव्हासिझुमॅब सगळ्यांत स्वस्त, कारण कर्करोगासाठीच्या १०० मिग्रॅच्या कुपीतून प्रत्येक डोळ्याला १.२५ मिग्रॅच लागतं. पण ते डोळ्यासाठी नोंदलेलं नाही, आणि एक कुपी अनेक सिरिंजमध्ये वाटताना जंतू शिरले तर एकाच दिवशी अनेक डोळे जातात. नीट निर्जंतुक वाटप होत असेल तिथेच ते घ्यावं. या रुग्णाला बायोसिमिलर रॅनिबिझुमॅब ०.५ मिग्रॅ दिलं.

आधी रक्तदाब मोजला, १४२/८६. अलीकडे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेला नाही याची खात्री केली. तसं असतं तर फिजिशियनशी बोलून थांबलो असतो. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाने ते या इंजेक्शनसाठी बंद करायचं नसतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये बधिरतेचे थेंब, पापण्यांना आणि भोवतालच्या कातडीला पोव्हिडोन आयोडीन, मग डोळ्यातच त्याचं ५ टक्के द्रावण. ते घातल्यावर लगेच पुढे जायचं नाही, एक-दोन मिनिटं काम करू द्यायचं. जंतुसंसर्ग टाळण्यात सगळ्यांत जास्त वाटा या पायरीचा आहे. स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारं साधन) लावून पापण्यांचे केस बाजूला. खोलीत सगळ्यांना मास्क आणि बोलणं बंद. कृत्रिम भिंग असल्याने कॅलिपरने बुबुळाच्या कडेपासून ३.५ मिमी मोजलं (नैसर्गिक भिंग असतं तर ४ मिमी). खाली-बाहेरच्या बाजूला कंजंक्टायव्हा (पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा) थोडी सरकवून ३० गेजची सुई डोळ्याच्या मध्याकडे रोखून आत, ०.०५ मिली सोडलं, सुई काढून कापसाच्या काडीने क्षणभर दाब. लगेच बोटं दाखवली, बाईंनी मोजली. डोळ्याचा दाब एकदम चढून रक्तपुरवठा थांबलेला नाही, हे त्यावरून कळतं. सुई टोचल्यापासून काढेपर्यंत काही सेकंद जातात. रुग्णाला वेदनेपेक्षा आयोडीनची चुरचुर जास्त लक्षात राहते.

घरी जाताना सांगितलं: पहिल्या दिवशी गोल बुडबुडे तरंगताना दिसतील, ते जातात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर तोही जातो. दोन दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली किंवा उजेड सहन होईना, तर रात्र असली तरी यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. आतला संसर्ग हजारात एकाहूनही कमी वेळा होतो, पण झाला तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

पुढची दोन वर्षं

चार आठवड्यांनी डावा डोळा ६/१८. पोकळी गेली, पण गाठीची एक कड अजून धूसर. दुसरं इंजेक्शन दिलं. आठव्या आठवड्यात ६/१२, N8, सगळ्या कडा स्पष्ट. तिसऱ्या महिन्यात आजार शांत. इथून इंजेक्शन थांबवलं, तपासणी थांबवली नाही: पहिलं वर्ष दर महिना-दोन महिन्यांनी ओसीटी.

नवव्या महिन्यात बाईंनीच फोन केला. अ‍ॅम्सलरची चौकट फ्रिजवर चिकटवलेली होती आणि रोज दूध तापवताना एकेक डोळा झाकून बघायची सवय लागली होती. दोन रेघा पुन्हा वाकल्या. दुसऱ्या दिवशी ओसीटीत जुन्या गाठीच्या कडेला नवी धूसरता, नजर मात्र अजून ६/१२. तिसरं इंजेक्शन. नजर तेवढीच टिकली. पहिल्या वेळी सात आठवडे उशीर, या वेळी एक दिवस. एकाच डोळ्यातला, एकाच आजाराचा हा फरक घरच्यांना समजावून सांगण्यासाठी पुरेसा असतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नजर ६/१८ वर उतरली आहे, आणि वाहिनी शांत असताना उतरली आहे. गाठ बसली तिच्याभोवती झिजेचा पांढरा पट्टा हळूहळू रुंदावतो, कारण ब्रुक्स मेम्ब्रेनमधलं भोक मोठं होत जातं. इंजेक्शन वाहिनी थांबवतं, ही झीज थांबवत नाही, आणि ती थांबवणारं औषध अजून नाही. पहिल्याच भेटीत हे सांगितलेलं असलं की दोन वर्षांनी ‘इंजेक्शनचा उपयोग झाला नाही’ असा समज होत नाही. वाचनासाठी दिवा लावलेला, चार डायॉप्टरच्या भिंगाचा स्टँड आणि डाव्या खांद्यामागून येणारा उजेड यांनी बाईंचं काम चाललं आहे. उजवा डोळा ६/९ असल्याने रोजचं जगणं त्याच्यावर आहे.

म्हणूनच उजव्या डोळ्याची काळजी जास्त. त्यात लॅकर क्रॅक आणि पसरट झीज आहे. एका डोळ्यात मायोपिक सीएनव्ही झालेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाला आठेक वर्षांत दुसऱ्या डोळ्यातही ती होते. काचबिंदूवरही लक्ष आहे. लांब डोळ्यात तो जास्त होतो आणि ओळखणं अवघड जातं, कारण डिस्क तिरपी असते आणि ओसीटीतले लाल-हिरवे रंग अशा डोळ्यांच्या मापांवर बेतलेले नसतात. एका छापील लाल पट्टीवर औषध सुरू करणं आणि त्या पट्टीकडे दुर्लक्ष करणं, दोन्ही चूक. वर्षावर्षाची फील्ड (दृष्टिक्षेत्राची) तपासणी एकमेकांशी लावून पाहावी लागते.

कागदावर काय लिहायचं

या रुग्णाच्या फाइलवर आता पहिल्या पानावर ठळक नोंद आहे: ‘पॅथॉलॉजिक मायोपिया. ऑपरेशनपूर्व नंबर उ –१३.५०, डा –१५.००. अक्षीय लांबी २८.७ / २९.४ मिमी. स्टॅफिलोमा.’ याचा उपयोग पडद्यापुरता नाही. पुढे कधी डोळ्याभोवती भुलीची सुई द्यायची वेळ आली, तर लांब, पातळ भिंतीचा डोळा सुईने भेदला जाण्याचा धोका असतो. तिथे थेंबांनी किंवा बोथट कॅन्युलाने (नळीने) भूल देणं सुरक्षित, आणि ते भूल देणाऱ्याला आधी कळलेलं असायला हवं.

शिबिरात किंवा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्डावर भिंगाच्या नंबराशेजारी जुना नंबर आणि लांबी लिहिली, तर त्याला अर्धा मिनिट लागतो. लांबी २६ मिमीच्या पुढे असेल तर ऑपरेशनआधी बाहुली मोठी करून पडदा बघणं, शक्य तिथे ओसीटी काढणं, आणि ऑपरेशननंतर दरवर्षी पडद्याची तपासणी सांगणं, एवढं त्यात यावं. घरच्यांनी जुना चष्मा भंगारात टाकू नये आणि बायोमेट्रीची चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. चिठ्ठीची शाई अनेकदा दोन-तीन वर्षांत उडून जाते.

सोबत येणारी मुलगी ३७ वर्षांची. तिला नंबर नाही, असं ती सांगायची. चौकशी केल्यावर निघालं की २६ व्या वर्षी लेसिकने मायनस आठ काढून टाकलेला होता. लेसिकने बदलतो तो बुबुळाचा आकार, लांबी तेवढीच राहते. बाहुली मोठी करून पाहिलं, लांबी मोजली: २७.१ मिमी, दोन्हीकडे पडदा जाळीदार आणि डाव्या डोळ्यात पसरट झिजेची सुरुवात, म्हणजे वर्ग २. आज तिला कसलाही त्रास नाही आणि उपचारही नाही. तिला अ‍ॅम्सलरची चौकट दिली, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी ठरवली, आणि तिच्या नव्या फाइलवर लेसिकआधीचा नंबर लिहून घेतला.